सर्व्हर चालू होतो आणि लगेच पडतो: पहिल्यांदाच हे बघणाऱ्यांसाठी

हे नवीन लोकांसाठी लिहितोय. म्हणजे नाशिकला सातपूर-अंबडच्या एखाद्या कंपनीत कॉम्प्युटरचं बघायला म्हणून लागलात आणि आता ईआरपीचा (कंपनीचे हिशोब, स्टॉक, बिलं सांभाळणारं सॉफ्टवेअर) सर्व्हर पण तुमच्याच गळ्यात पडलाय, किंवा पिंपळगावकडे द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये बारकोडचं सिस्टम सांभाळताय, किंवा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहात आणि स्वस्तातला व्हीपीएस (इंटरनेटवरचा भाड्याचा सर्व्हर) घेऊन त्यावर प्रोजेक्ट टाकलाय. सर्व्हर स्टार्ट केला, हिरवं रनिंग दिसलं, हायसं वाटलं, आणि चहा येईपर्यंत परत बंद. परत स्टार्ट, परत बंद. मागे शेठ उभे, डिस्पॅचची गाडी गेटवर, आणि आपल्याला कळतच नाही सुरुवात कुठून करायची.

माझं यात एकच सांगणं आहे, बाकी सगळं त्याच्याच अवतीभवती आहे. स्टार्ट केल्यापासून पडेपर्यंत किती वेळ जातो ते मोजा. तो आकडा हातात आला की निम्मी कारणं आपोआप गळून पडतात. गूगलवर एरर टाकून पहिलं उत्तर कॉपी-पेस्ट करण्याआधी हे करा, प्लीज.

कमांड मी इथे बोलतो तशा लिहिल्यात, टर्मिनलवर अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाईप करायच्या, आणि मायनस म्हटलं की ते छोटं आडवं डॅश. उदाहरणं बहुतेक उबुंटूची आहेत, विंडोजवाल्यांसाठी शेवटाकडे थोडं आहे.

सगळ्यात आधी रिस्टार्ट थांबवा

हे पचायला जड जातं, कारण रिस्टार्ट केलं की काहीतरी केल्यासारखं वाटतं. पण प्रत्येक रिस्टार्टला लॉगमध्ये नवीन पसारा पडतो आणि मूळ एरर वर सरकत जाते, काही सॉफ्टवेअर तर स्टार्ट होताना जुनी लॉग फाईलच पुसून टाकतात. त्याहून वाईट म्हणजे डेटाबेस. लाईट गेल्यामुळे मायएसक्यूएल अर्धवट बंद पडला असेल तर पुढच्या स्टार्टला तो स्वतःची रिकव्हरी करत असतो, डेटा मोठा असेल तर त्याला वेळ लागतो, आणि तुम्ही मध्येच त्याला परत परत मारलं तर ती रिकव्हरी दर वेळी पहिल्यापासून सुरू होते. डेटाबेस रिकव्हरी करतोय असं लॉगमध्ये दिसलं तर हात बाजूला घ्या आणि थांबा.

अजून एक, सिस्टमडी म्हणजे लिनक्सवर सर्व्हिसेस (मागे सतत चालू राहणारे प्रोग्राम) चालवणारा जो प्रोग्राम आहे, त्याचा मूळ नियम असा की १० सेकंदांत ५ वेळा स्टार्ट झालं की तो त्यापुढे स्टार्ट करायलाच नकार देतो. तेव्हा जी एरर दिसते ती "स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली". नवीन माणूस हीच एरर धरून बसतो आणि तासभर तिच्यावर सर्च करतो, पण तो आजार नाहीये, आधीच्या पाच वेळांचा परिणाम आहे. सिस्टमसीटीएल रिसेट-फेल्ड आणि पुढे सर्व्हिसचं नाव असं दिलं की तो अडसर निघतो, पण मूळ कारण सापडेपर्यंत त्याचा काही उपयोग नाही.

तर सर्व्हिस स्टॉप करा. डेटाचं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून ठेवा, सर्व्हिस बंद असतानाच. आणि आजूबाजूला विचारा, काल काय बदललं? अपडेट मारलं का, कोणी पासवर्ड बदलला का, नवीन प्रिंटर लावला का, रात्री लाईट गेली होती का. लोक "काहीच नाही केलं" म्हणतात आणि खोटं बोलत नसतात, त्यांना ते सर्व्हरशी संबंधित वाटत नाही इतकंच. म्हणून "काही बदललं का" असं मोघम न विचारता एकेक गोष्ट नाव घेऊन विचारा. उबुंटूवर आपोआप सिक्युरिटी अपडेट होत असतात, ते कधी झाले हे व्हार, लॉग, एपीटी या फोल्डरमधल्या हिस्टरी फाईलमध्ये तारखेनिशी लिहिलेलं असतं, ते जरूर बघा.

आता घड्याळ लावा

एकदाच स्टार्ट करा आणि मोबाईलचं स्टॉपवॉच लावा. पडला की वेळ वहीत लिहा. मग अजून एकदा तसंच, आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा.

दोन-तीन सेकंदांत पडत असेल तर प्रोग्राम आपल्या कामाला लागलेलाच नाही, दारातूनच परत गेलाय. कॉन्फिग चुकलंय, पोर्ट अडकलाय, फाईल वाचायची परवानगी नाही, डिस्क भरलीय किंवा व्हर्जन जुळत नाही, यातलंच काहीतरी.

३०, ६०, ९० असा गोल आकडा येत असेल आणि दोन्ही वेळा तोच येत असेल तर हा टाईमआउट आहे. प्रोग्राम स्वतः पडत नाहीये, कोणीतरी वाट बघून त्याला मारतंय. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण इथे लोक प्रोग्रामच्या कोडमध्ये बग शोधत बसतात आणि तिथे बग नसतोच.

काही मिनिटांनी, आणि दर वेळी थोड्या वेगळ्या वेळेला पडत असेल, त्यात युजर लॉगिन झाले की लवकर पडत असेल, तर मेमरी. आणि सर्व्हिस नाही तर अख्खं मशीनच बंद होत असेल तर मग सॉफ्टवेअर बाजूला ठेवा, पॉवर, गरमी आणि रॅमकडे बघा.

लॉग वाचायचा म्हणजे नक्की काय वाचायचं

सिस्टमसीटीएल स्टेटस दिलं की शेवटच्या दहाच ओळी दिसतात आणि त्यात बहुतेक वेळा कामाचं काही नसतं, "फेल्ड विथ रिझल्ट एक्झिट-कोड" एवढंच. ते म्हणजे माणूस गेला एवढंच सांगणं, कशाने गेला ते नाही. पूर्ण लॉगसाठी जर्नलसीटीएल मायनस यू, पुढे सर्व्हिसचं नाव, पुढे मायनस बी. मायनस बी म्हणजे फक्त या बूटपासूनचं. मशीनच रिबूट झालं असेल तर मायनस बी मायनस वन, म्हणजे आधीच्या बूटचं.

काही लिनक्समध्ये हा जर्नल फक्त रॅममध्ये राहतो आणि रिबूट झालं की गेला. व्हार, लॉग, जर्नल असं फोल्डर तुमच्याकडे आहे का बघा, नसेल तर तयार करा आणि सिस्टमडी-जर्नलडी ही सर्व्हिस रिस्टार्ट करा, म्हणजे पुढच्या वेळी पुरावा शिल्लक राहील. शिवाय मायएसक्यूएल, टॉमकॅट, एनजिनएक्स यांचे स्वतःचे वेगळे लॉग असतात. जर्नलमध्ये काही सापडलं नाही म्हणून एरर नव्हतीच असं समजू नका, व्हार लॉगमध्ये त्या त्या नावाचं फोल्डर उघडून बघा.

आता वाचायचं कसं. शेवटच्या स्टार्टची पहिली ओळ शोधा आणि तिथून खाली या, जी पहिली एरर दिसेल ती खरी, तिच्या खालच्या बहुतेक त्या पहिलीमुळे आलेल्या असतात. डेटाबेसला कनेक्ट होता आलं नाही ही पहिली, मग युजर लोड झाले नाहीत, मग मेन्यू तयार झाला नाही, मग नल पॉइंटर, मग धडाम. नवीन माणूस नल पॉइंटर शोधायला जातो आणि दिवस घालवतो.

फक्त जावा आणि पायथॉनमध्ये एक फरक लक्षात ठेवा. जावात एकाच एररची लांबलचक पट्टी येते, तिच्यात "कॉज्ड बाय" असं अनेकदा लिहिलेलं असतं, त्यातलं सगळ्यात शेवटचं "कॉज्ड बाय" म्हणजे मूळ. पायथॉनच्या ट्रेसबॅकमध्ये पण अगदी खालची ओळ कामाची. म्हणजे वेळेच्या हिशोबात पहिली एरर शोधायची, आणि त्या एररच्या पोटात शिरल्यावर खालची ओळ वाचायची. हे एकदा डोक्यात बसलं की लॉगची भीती जाते, खरंच जाते.

एक्झिट कोड, छोटासा पण बोलका

स्टेटसमध्ये किंवा डॉकरमध्ये (प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं सॉफ्टवेअर) एक आकडा दिसतो. ० म्हणजे प्रोग्रामच्या मते सगळं नीट झालं आणि तो स्वतः बाहेर पडला. १ म्हणजे काहीतरी चुकलं, लॉग वाचा. १२६ म्हणजे फाईल आहे पण चालवायची परवानगी नाही, १२७ म्हणजे कमांडच सापडली नाही, बहुतेक पाथ चुकलाय. १३७ आणि १३९ हे नीट समजून घ्या. १२८ मध्ये सिग्नलचा नंबर मिळवला की हे आकडे येतात, म्हणजे १३७ म्हणजे सिग्नल ९, कोणीतरी बाहेरून जबरदस्तीने मारलं, आणि ते कोणीतरी बऱ्याचदा मेमरी संपल्यामुळे कर्नलच (लिनक्सचा गाभा) असतं. १३९ म्हणजे सिग्नल ११, सेगमेंटेशन फॉल्ट, प्रोग्रामने नको त्या मेमरीला हात लावला. १४३ म्हणजे सिग्नल १५, कोणीतरी शांतपणे बंद हो म्हणून सांगितलं. सिस्टमडीचे स्वतःचे पण आहेत, २०३ म्हणजे ती फाईल त्याला चालवताच आली नाही, २१७ म्हणजे ज्या युजरच्या नावाने चालवायचं तो युजरच मशीनवर नाही.

दोन-तीन सेकंदांत पडतोय तेव्हा

सर्व्हिस बंद ठेवा आणि तोच प्रोग्राम टर्मिनलवर हाताने चालवा. सर्व्हिसच्या फाईलमध्ये एक्झेकस्टार्ट अशी ओळ असते, सिस्टमसीटीएल कॅट दिलं की दिसते, ती अख्खी कमांड उचला. पण रूटने, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या मुख्य युजरने, चालवू नका! सुडो मायनस यू आणि पुढे त्या सर्व्हिसचा युजर, असं त्याच युजरच्या नावाने चालवा. रूटने चालवलं तर चालतं हो, तोच तर घोळ आहे, चालतं आणि चालता चालता लॉग, कॅशे, टेम्प अशा नवीन फाईली रूटच्या मालकीच्या बनवून ठेवतं, मग परत सर्व्हिस म्हणून चालू केलं की तिला त्या फाईलींवर लिहिता येत नाही आणि ती पडते. म्हणजे एक प्रॉब्लेम होता तिथे दोन झाले. "हाताने चालतं पण सर्व्हिस म्हणून चालत नाही" ही तक्रार आली की मी आधी एलएस मायनस एल देऊन फाईलींचे मालक बघतो. आणि त्यावर उपाय म्हणून सीएचमॉड ७७७ मारू नका, योग्य मालक द्या आणि विषय संपवा. ७७७ म्हणजे मशीनवरच्या कोणालाही त्या फाईलीत काहीही लिहायची मुभा, तुमच्या कंपनीचे पगाराचे आकडे त्या मशीनवर असतात.

हाताने चालणं आणि सर्व्हिस म्हणून न चालणं याचं दुसरं कारण म्हणजे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. तुम्ही लॉगिन केल्यावर तुमच्या बॅशआरसीमधून पाथ, जावा होम, डेटाबेसचा पासवर्ड असं काय काय लोड होतं, सर्व्हिसला त्यातलं काहीच मिळत नाही. तिला ते वेगळं द्यावं लागतं, सर्व्हिसच्या फाईलीत एन्व्हायर्नमेंटफाईल अशी ओळ टाकून.

पोर्टचं बघायला सुडो एसएस मायनस एलटीएनपी. कुठला प्रोग्राम कुठल्या पोर्टवर बसलाय ते नावासकट दिसतं. मायएसक्यूएल ३३०६, टॉमकॅट ८०८०, वेब ८० आणि ४४३. "ॲड्रेस ऑलरेडी इन यूज" आलं म्हणजे त्या पोर्टवर आधीच कोणी आहे, आणि तो बऱ्याचदा तुमच्याच प्रोग्रामची जुनी, नीट न मेलेली कॉपी असते. एनजिनएक्स टाकायला गेलात आणि अपॅची आधीच ८० वर आहे हेही नेहमीचं. १०२४ च्या खालचा पोर्ट साध्या युजरला मिळत नाही हे पण ध्यानात ठेवा, मग "परमिशन डिनाईड" येतं आणि माणूस फाईलींच्या परवानग्या तपासत बसतो.

कॉन्फिग हाताने वाचत बसू नका, बऱ्याच सॉफ्टवेअरला स्वतःची तपासणी असते. एनजिनएक्स मायनस टी, अपॅचीसाठी अपॅचीसीटीएल कॉन्फिगटेस्ट, डॉकरसाठी डॉकर कंपोज कॉन्फिग, हे चूक कुठल्या ओळीत आहे ते सरळ सांगतात. वायएएमएल फाईल असेल तर टॅब चालत नाही, स्पेसच द्याव्या लागतात. आणि विंडोजच्या नोटपॅडमध्ये एडिट करून स्क्रिप्ट लिनक्सवर टाकली असेल तर ओळीच्या शेवटी एक न दिसणारं अक्षर येतं आणि "बॅड इंटरप्रिटर" म्हणून स्क्रिप्ट जागीच मरते, त्याला डॉसटूयुनिक्स (मधला टू म्हणजे आकडा २) ही कमांड चालवा.

जावावाल्यांनो, "अनसपोर्टेड क्लास व्हर्जन" आलं तर पुढचा आकडा बघा. ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१. प्रोग्राम ज्या जावासाठी बनवलाय त्यापेक्षा जुना जावा मशीनवर आहे, एवढाच अर्थ. मशीनवर दोन-तीन जावा असतील तर सर्व्हिस कुठला उचलतेय ते बघा, टर्मिनलवर दिसणारा आणि सर्व्हिसचा वेगळा असू शकतो.

डिस्कसाठी डीएफ मायनस एच, आणि लगेच डीएफ मायनस आय पण. पहिल्यात जागा दिसते, दुसऱ्यात आयनोड, म्हणजे फाईलींच्या नोंदी, प्रत्येक फाईलीला एक. लाखो बारीक बारीक फाईली साठल्या की जागा असूनही आयनोड संपतात आणि "नो स्पेस लेफ्ट" येतं, लोक चक्रावतात. जर्नल मोठा झाला असेल तर जर्नलसीटीएल व्हॅक्यूम-साईजने कमी करा. मोठी लॉग फाईल डिलीट करूनही जागा सुटली नाही तर कुठलातरी प्रोग्राम ती अजून धरून बसलाय, एलएसओएफ प्लस कॅपिटल एल वन दिलं की तो सापडतो. पण जागा हवी म्हणून मायएसक्यूएलच्या डेटा फोल्डरमध्ये जाऊन आयबीडेटा किंवा बिनलॉग हाताने उडवू नका. कधीच नका. लासलगावच्या एखाद्या अडत दुकानाच्या सर्व्हरवर शेतकऱ्यांच्या हिशोबपट्ट्या असतात, तो डेटा गेला की कोणाचे किती पैसे द्यायचे हेच कळेनासं होतं.

पोस्टग्रेससाठी एक वेगळी सूचना. लाईट गेल्यावर पोस्टमास्टर डॉट पिड ही फाईल मागे राहते आणि तो कधी कधी म्हणतो की दुसरा पोस्टग्रेस आधीच चालू आहे. नेटवर सांगतात फाईल डिलीट करा. आधी पीएस देऊन खात्री करा की खरंच एकही पोस्टग्रेस चालू नाहीये, कारण चालू असताना ती काढून दुसरा सुरू केला तर दोघं एकाच डेटावर लिहितील आणि मग तो डेटा वाचवणं अवघड. मायएसक्यूएलच्या इनोडीबी फोर्स रिकव्हरीचंही तसंच, १ ते ६ आकडे असतात, ४ आणि त्यापुढचा डेटा कायमचा बिघडवू शकतो, आधी कॉपी, मग १ पासून वर.

गोल आकड्याला पडतोय तेव्हा

समजा बरोबर ९० सेकंदांनी पडतोय. उबुंटूवर सिस्टमडी सर्व्हिस सुरू व्हायला मुळात ९० सेकंद देतो, तेवढ्यात तिने "मी तयार" असं कळवलं नाही तर तो तिला मारतो. लॉगमध्ये "स्टार्ट ऑपरेशन टाईम्ड आउट" दिसेल. याचं एक फसवं कारण म्हणजे सर्व्हिसच्या फाईलीत टाईप चुकीचा असणं. टाईप फोर्किंग लिहिलंय, म्हणजे प्रोग्राम स्वतः बॅकग्राउंडला जाईल असं सिस्टमडी धरून चालतो, पण तुमचा प्रोग्राम तर समोरच चालत राहतो, आरामात, एकही एरर न देता. मग ९० सेकंद तो नीट काम करतो, लोक लॉगिन पण होतात, आणि नंतर मारला जातो. वापरणाऱ्याला वाटतं लॉगिन केल्यामुळे पडला. टाईप सिंपल करा, डेमन-रीलोड द्या, झालं.

खरंच सुरू व्हायला वेळ लागत असेल, म्हणजे जुन्या हार्डडिस्कवर मोठा जावा प्रोग्राम, तर टाईमआउटस्टार्टसेक वाढवा. पण आधी हे ठरवा की तो हळू आहे की अडकलाय, कारण अडकलेल्याला कितीही वेळ दिला तरी उपयोग नाही. टॉप या कमांडमध्ये बघा, सीपीयू किंवा डिस्क वापरत असेल तर हळू आहे, दोन्ही थंड असतील तर कोणाची तरी वाट बघतोय.

वाट बहुतेक डेटाबेसची असते. अख्खं मशीन रिबूट केल्यावर पडतो पण नंतर हाताने स्टार्ट केला तर चालतो, हे त्याचं लक्षण. डेटाबेस अजून तयार नाही आणि ॲप आधीच दार ठोठावून परत गेलं. सर्व्हिसच्या फाईलीत आफ्टर आणि वॉन्ट्स मध्ये डेटाबेस टाका, पण तेवढ्याने डेटाबेस कनेक्शन घ्यायला तयार झालाय याची खात्री दर वेळी मिळतेच असं नाही, म्हणून ॲपमध्येच थोडं थांबून परत प्रयत्न करायची सोय असेल तर ती वापरा. डॉकर कंपोजमध्ये पण डिपेंड्स-ऑन साधं लिहिलं तर तो फक्त कंटेनर सुरू होण्याची वाट बघतो, आतला डेटाबेस तयार होण्याची नाही, त्यासाठी हेल्थचेक आणि कंडिशन सर्व्हिस-हेल्दी असं द्यावं लागतं.

डॉकरचं अजून एक सांगतो, नव्यांना हमखास नडतं. कंटेनर सुरू होतो आणि एक्झिट कोड ० देऊन लगेच बंद, एरर काहीच नाही. कंटेनर त्याच्या मुख्य प्रोसेसइतकाच जगतो, ती बॅकग्राउंडला गेली की डॉकरला वाटतं काम संपलं. प्रोग्राम फोरग्राउंडमध्येच चालवायचा. डॉकर पीएस मायनस ए दिलं की बंद पडलेले कंटेनर पण दिसतात, आणि डॉकर लॉग्ज मेलेल्या कंटेनरचे पण वाचता येतात, फक्त तो डिलीट करायच्या आधी.

काही मिनिटांनी पडतोय: मेमरी

डीमेसेज (डी-एम-ई-एस-जी) मायनस कॅपिटल टी द्या आणि "आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस" अशी ओळ शोधा. सापडली तर कर्नलने रॅम संपली म्हणून तुमचा प्रोग्राम मारलाय, आणि प्रोग्रामच्या स्वतःच्या लॉगमध्ये याचा मागमूसही नसतो, कारण त्याला लिहायला वेळच मिळालेला नसतो. लॉग मध्येच तुटलेला दिसणं हीच खूण.

इथे एक गल्लत फार होते. जावा स्वतः "आउट ऑफ मेमरी एरर" देतो ते वेगळं, आणि कर्नल मारतो ते वेगळं, आणि दोघांचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. जावाची स्वतःची "जावा हीप स्पेस" वाली एरर म्हणजे त्याला दिलेला कोटा कमी पडला, तर एक्सएमएक्स (जावाच्या हीपची, म्हणजे त्याच्या कामाच्या मेमरीची, मर्यादा) वाढवा. कर्नलने मारलं म्हणजे मशीनची रॅम संपली, तर एक्सएमएक्स कमी करा किंवा रॅम वाढवा. २ जीबीच्या व्हीपीएसवर एक्सएमएक्स पण २ जीबी दिला तर तो मरणारच, जावाला हीपच्या बाहेर पण मेमरी लागते आणि शिवाय मायएसक्यूएल, एनजिनएक्स, स्वतः लिनक्स यांनाही जगायचंय. फ्री मायनस एच देऊन "अव्हेलेबल" हा रकाना बघा, "फ्री" हा नाही, फ्री कमी दिसला म्हणून घाबरू नका, लिनक्स रिकामी रॅम कॅशेसाठी वापरत असतो.

स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) नसेल तर स्वॅप फाईल करा, बऱ्याच स्वस्त व्हीपीएसवर ती नसतेच. तात्पुरता आधार म्हणून चांगली आहे, पण सगळा कारभार स्वॅपवर चालायला लागला तर पडणार नाही पण इतका संथ होईल की बिलिंग काउंटरवर रांग लागेल.

अख्खं मशीनच बंद होतंय

सर्व्हिस नाही, मशीनच. जर्नलसीटीएल मायनस बी मायनस वन मायनस ई देऊन आधीच्या बूटच्या शेवटच्या ओळी बघा. सर्व्हिसेस एकेक करून स्टॉप होताना दिसल्या तर कोणीतरी शटडाउन सांगितलंय, एखादा माणूस, पॉवर बटण, किंवा यूपीएसचं सॉफ्टवेअर. यूपीएसची बॅटरी बसलेली असेल आणि लाईट ये-जा करत असेल तर मशीन उठतं, सॉफ्टवेअर बॅटरी कमी बघतं, परत शटडाउन. आणि लॉग कसलीही निरोपाची ओळ न देता कापल्यासारखा संपला असेल तर पॉवर, गरमी किंवा हार्डवेअर.

आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि बऱ्याच वर्कशॉपमध्ये सर्व्हर म्हणजे अकाउंट्सच्या टेबलाखाली, पत्र्याच्या शेडच्या कोपऱ्यात ठेवलेला डबा असतो. अंबड-सातपूरला ग्राइंडिंगची बारीक धूळ आत जाऊन हीटसिंकवर बसते, ती धातूची असेल तर शॉर्टची पण भीती. सेन्सर्स ही कमांड टाकून तापमान बघा, सकाळी थंड मशीन नीट चालतं आणि दुपारी सुरू केल्यावर थोड्या वेळात बंद होतं असं असेल तर गरमीच. मशीन बंद करून, प्लग काढून ब्लोअरने साफ करा, फॅन फिरतोय का बघा, थर्मल पेस्ट वाळली असेल तर नवीन लावा. बटण दाबल्यावर स्क्रीनवर काही यायच्या आतच बंद होत असेल तर एसएमपीएस (मशीनचा पॉवर सप्लाय) किंवा रॅम, रॅमची एकेक पट्टी काढून लावून बघा, मेमटेस्ट रात्रभर लावून ठेवा. डिस्कसाठी स्मार्टसीटीएल.

वळवाच्या पावसात विजा आणि व्होल्टेज दोन्हीचा त्रास असतो, तेव्हा अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, हे तुम्ही स्वतः करू नका.

आणि मदरबोर्डवरचा तो छोटा सेल, सीआर २०३२. तो संपला की लाईट गेल्यावर मशीनची तारीख काही वर्षं मागे जाते, मग सर्व्हर उठतो, बाहेरच्या सर्व्हिसला कनेक्ट करायला जातो, सर्टिफिकेट "अजून लागू झालेलं नाही" असं म्हणतं आणि ॲप पडतं. तारीख बघायला टाईमडेटसीटीएल. अगदी थोड्या रुपयांचा सेल, पण त्यापायी ॲपच्या कंपनीला शिव्या घातल्या जातात.

विंडोज सर्व्हर असेल तर

इव्हेंट व्ह्यूअर उघडा, सिस्टम आणि ॲप्लिकेशन हे दोन लॉग. त्यात इव्हेंट आयडी बघा: ४१ आणि ६००८ म्हणजे मशीन अचानक बंद झालं, वर लिहिलेलं पॉवर-गरमीचं बघा. १००० म्हणजे एखादा प्रोग्राम क्रॅश झाला, त्यात फॉल्टिंग मॉड्यूलचं नाव असतं, ते लिहून घ्या. ७०३४ म्हणजे सर्व्हिस अचानक गेली. १०५३ एरर आली तर ती सर्व्हिसच्या ३० सेकंदांच्या टाईमआउटची, म्हणजे परत गोल आकडा. पोर्ट ८० सिस्टम नावाच्या प्रोसेसने, पिड (प्रोसेसचा नंबर) ४ ने धरलेला दिसला तर बहुतेक आयआयएस, म्हणजे विंडोजचा स्वतःचा वेब सर्व्हर, चालू आहे.

मदत मागताना आणि शेवटी

"दादा, सर्व्हर पडतोय" एवढाच मेसेज पाठवला तर समोरच्यालाही काही करता येत नाही. काय चालवताय आणि कुठलं व्हर्जन, स्टार्टपासून किती सेकंदांनी पडतो, एक्झिट कोड, पहिली एरर आणि तिच्या वरखालच्या वीसेक ओळी, आणि शेवटचं नीट कधी चालत होतं, हे पाठवा. स्क्रीनचा तिरका फोटो नको, टेक्स्ट पाठवा, आणि त्यातले पासवर्ड आधी पुसा.

दुरुस्त करताना एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बदलण्याआधी त्या फाईलीची तारीख टाकून कॉपी ठेवा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि चालू झालं तर कशाने झालं हे कळत नाही, आणि पुढच्या वेळी परत तीनही कराव्या लागतात. रिस्टार्ट ऑलवेज लावून विषय मिटवू नका, पडतोय ते फक्त दिसेनासं होतं. रिस्टार्ट ऑन-फेल्युअर जरूर लावा, पण कारण सापडल्यानंतर.

आणि चालू झालं म्हणून लगेच उठू नका. ज्या वेळेला तो पडत होता त्याच्या दुप्पट वेळ थांबा, दोन-तीन जणांना लॉगिन करायला लावा, एक बिल काढून बघा, फ्री आणि डीएफ परत एकदा द्या. मग अख्खं मशीन रिबूट करून हात न लावता सगळं आपोआप वर येतंय का ते बघा, कारण पुढची लाईट रात्री जाणार आणि तेव्हा तिथे तुम्ही नसणार. हे रिबूट दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत घ्या, सगळ्यांना आधी सांगून, डिस्पॅचच्या वेळी नको.